वाचकांचे प्रश्न : डास दूर ठेवणारे कापड

मागील अंकात वनस्पतीजन्य रंगांविषयी लिहिताना डासांना दूर ठेवणाऱ्या कापडाचा उल्लेख ओघात एका वाक्यात आला होता. त्या एका वाक्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी सात प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. विचारणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे बारा यंत्रमाग आहेत. सुती कापड विणून आम्ही ते कोरेच व्यापाऱ्याला देतो. सायझिंगच्या वेळी, म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या (उभ्या) सुताला खळ लावताना, खळीतच सिट्रोनेलाचे तेल मिसळावे, म्हणजे कापड ‘डासरोधक’ म्हणून चढ्या दराने जाईल, असे एका व्यापाऱ्याने सुचवले आहे. हे जमेल का? (एक यंत्रमागधारक, विटा)

जमणार नाही. त्यात आपले पैसे वाया जातील, म्हणून कारण सविस्तर सांगतो. खळीतून निघालेले ताण्याचे सूत लगेच वाफेने तापवलेल्या सिलिंडरांवरून फिरते आणि तिथे त्यातील पाणी उडून जाते. सिट्रोनेलाचे तेल गवतातून काढतात तेही वाफेनेच. म्हणजे ज्या रीतीने तेल गवताला सोडते, त्याच रीतीने ते सुतालाही सोडणार. एवढ्यातून थोडेफार टिकले, तरी कोरे कापड प्रोसेस हाऊसमध्ये (कापडाच्या धुलाई-रंगाईच्या कारखान्यात) गेल्यावर पहिले काम असते ते खळ काढण्याचे, आणि त्यानंतर कॉस्टिक सोड्यात उकळणे व ब्लीचिंग ठरलेलेच असते. शिवाय खळीत तेलाचे प्रमाण वाढले की खळीचा पापुद्रा कच्चा पडतो आणि मागावर धागे तुटू लागतात, ते नुकसान वेगळेच.

असे फिनिश, म्हणजे कापडाला विशेष गुण देणारी शेवटची प्रक्रिया, द्यायचे तर ते सर्वांत शेवटी, रंगाई-धुलाई झालेल्या कापडावर द्यावे लागते, आणि तेही नुसते तेल लावून नव्हे. या विषयातील खरी अडचण इथेच आहे. डास दूर राहतो तो तेलाच्या वाफेमुळे, म्हणजे तेल कापड सोडून हवेत गेले तरच उपयोग होतो. पण जे हवेत गेले ते संपले. कापडात पक्के अडकून बसलेले तेल डासाला कळत नाही, आणि मोकळे सुटलेले तेल दोन दिवसांत उरत नाही. म्हणून तेलाला हळूहळू सोडणारे घर बांधून द्यावे लागते. त्यासाठी तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून प्रत्येक थेंबाभोवती पातळ कवच चढवतात आणि त्याला मायक्रोकॅप्सूल म्हणतात. जुनी, परिचित पद्धत जिलेटिन आणि बाभळीच्या जातीचा डिंक वापरून करतात. कोमट पाण्यात तेल घुसळून त्यात ही दोन्ही द्रावणे मिसळली आणि थोडे ॲसेटिक आम्ल घालून पीएच चारच्या आसपास आणला, की जिलेटिनवर धन आणि डिंकावर ऋण भार असल्यामुळे ती एकमेकांना ओढतात आणि तेलाच्या थेंबाभोवती साय धरावी तशी जमतात. मग मिश्रण थंड करून कवच घट्ट करतात. दुसरी वाट सायक्लोडेक्स्ट्रिनची आहे. बीटा प्रकारात ग्लुकोजच्या सात एककांचे कडे असते आणि त्याच्या पोकळीत तेलाचा रेणू मावतो. त्याचा एक सुधारित प्रकार अल्कलीच्या मदतीने सुताशी रासायनिक बंधाने जोडता येतो.

हिशेब असा मांडावा. पॅडिंग मँगलवर, म्हणजे कापड द्रावणात बुडवून रुळांमध्ये पिळणाऱ्या यंत्रावर, शंभर किलो कापडाने सत्तर टक्के द्रावण उचलले, तर सुमारे सत्तर लिटर द्रावण लागते. दर लिटरला ५० ग्रॅम सुक्या वजनाच्या कॅप्सूल धरल्या, तर कापडावर साडेतीन किलो कॅप्सूल बसतात; त्यांचे निम्मे वजन तेलाचे मानले तर प्रत्यक्ष तेल पावणेदोन किलो. कॅप्सूलना सुताशी प्रेम नसते, म्हणून त्यांना कापडाला चिकटवणारा बाइंडर लागतो. तो कमी पडला तर पहिल्या धुण्यात कॅप्सूल वाहून जातात आणि जास्त झाला तर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होऊन वाफही कोंडली जाते.

सर्वांत नाजूक टप्पा सुकवण्याचा आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रोसेस हाऊसमध्ये पॉपलिनवर असा प्रयोग करताना मी हजर होतो. स्टेंटरचे (कापड ताणून गरम हवेत सुकवणाऱ्या यंत्राचे) तापमान ठरल्यापेक्षा बरेच जास्त ठेवले गेले आणि कापड बाहेर येऊ लागताच साऱ्या खात्यात लिंबासारखा गोडसर वास भरला. माल उत्तम झाला म्हणून सगळे खूश झाले. मला मात्र वाईट वाटले, कारण नाकात भरत होता तो कापडातून निघून चाललेला माल होता. त्याच कापडातील एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा तंतूंच्या बेचक्यांत माशाच्या अंड्यांसारखे गोल दाणे दिसले, पण त्यांतले बरेचसे चपटे आणि रिकामे होते. म्हणून बाइंडर कमी उष्णतेत पक्का होणारा निवडावा आणि सुकवणे सौम्य ठेवावे. आपण शंभर-दोनशे मीटरचा छोटा लॉट एखाद्या प्रोसेस हाऊसकडून करून घ्यावा, धुऊन तपासावा, आणि मगच व्यापाऱ्याशी दर बोलावा.

प्रश्न : ‘वनस्पतीजन्य, डासांपासून संरक्षण’ असे छापलेली दोन बेडशीट प्रदर्शनातून घेतली. तीन धुण्यांत वास गेला. ही फसवणूक समजावी का? (एक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली)

वास गेला एवढ्यावरून फसवणूक म्हणता येणार नाही, परंतु आपली शंका रास्त आहे. एकच वास सतत आसपास असला की आपले नाक त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणून एक चादर घराबाहेरच्या माणसाला हुंगायला द्यावी. त्यालाही काही जाणवले नाही, तर तेल संपत आल्याची शक्यता अधिक. मात्र वास असणे म्हणजे संरक्षण असणे, असेही नाही. फक्त सुगंध म्हणून लावलेले द्रव्यही तसाच वास देते.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे चादर अंथरायची की पांघरायची. डासाची मादी आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, घामातील लॅक्टिक आम्ल आणि अंगाची ऊब यांच्या मागावर येते, आणि वनस्पतीच्या तेलाची वाफ तिच्या वास ओळखण्याच्या इंद्रियांत गोंधळ घालते. ही वाफ कापडाच्या अगदी जवळच दाट असते. खाली अंथरलेल्या चादरीवर माणूस झोपला, तर उघडे हात, पाय आणि चेहरा वर मोकळेच राहतात आणि डास तिथे निर्वेधपणे चावतो. अशा फिनिशचा खरा उपयोग अंगाला चिकटून बसणाऱ्या पातळ कपड्यांवर होतो, कारण डासाची सोंड तलम कापडातून सहज आत जाते आणि तिथे तिला कापडावर बसूच न देणे मोलाचे असते. अंथरायच्या बेडशीटवर हे फिनिश देणे मला फारसे पटत नाही, आणि विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवे असे माझे ठाम मत आहे.

राहिलेले तेल जपायचे असेल तर चादर गार पाण्यात, सौम्य साबणाने, उलटी करून धुवावी. दगडावर आपटली किंवा ब्रशने घासली तर कॅप्सूल फुटतात, तेव्हा ते टाळावे. सावलीत वाळवावी आणि कडक इस्त्री करू नये. पुढच्या वेळी खरेदी करताना तीन गोष्टी लेबलवर शोधाव्यात: कोणते द्रव्य वापरले आहे, किती धुण्यांपर्यंत परिणाम टिकतो, आणि तो कोणत्या जातीच्या डासांवर तपासला आहे. धुण्यांचा आकडा लिहिलेला नसेल, तर जास्तीचे पैसे देऊ नयेत.

प्रश्न : कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्यात साड्या आणि पडदे बुडवून वाळवले तर डास येणार नाहीत का? आमच्याकडे धान्यात लिंबाचा पाला घालतात, त्यावरून सुचले. (एक आजी, तासगाव)

आजी, धान्यातील किडे आणि उडणारे डास यांच्यावर होणारा परिणाम एकसारखा नसतो. कडुलिंबातील ॲझाडिरॅक्टिन हे प्रमुख द्रव्य पानापेक्षा निंबोळीच्या गरात अधिक असते. ते मुख्यतः किडीचे खाणे आणि वाढ रोखते, आणि उन्हात लवकर निकामी होते. काढ्यात बुडवलेला पडदा उन्हात वाळवला की त्यातील बराचसा गुण तिथेच जातो आणि उरलेला पहिल्या धुण्यात. साडीवर मात्र हिरवट-तपकिरी डाग राहतो. निर्गुडीच्या पाल्याविषयीही असेच सांगेन: तिच्या अर्कात डासांना नकोसे वाटणारे घटक आहेत, प्रयोगशाळेत सुती कापडावर तिचा वापर करून पाहिलेला आहे, पण घरच्या काढ्याने ते काम साधत नाही. संध्याकाळी पाल्याचा धूर करत असाल तर तो गोठ्यात करावा, झोपायच्या खोलीत नको.

प्रश्न : आमची हळद आहे. काढणीआधी कापलेला पाला बांधावर पडून राहतो. त्याचे तेल काढून डासरोधक कापडासाठी विकता येईल का? (एक शेतकरी, कसबे डिग्रज परिसर)

हळदीच्या पाल्यातून वाफेने तेल निघते हे खरे आहे, परंतु पाल्याचे तेल आणि गड्ड्याचे तेल एक नाही. गड्ड्याच्या तेलात टर्मरोन गटातील द्रव्ये प्रामुख्याने असतात, तर पाल्याच्या तेलात बहुधा फेलँड्रीनसारखी हलकी, लवकर उडणारी द्रव्ये अधिक. थायलंडमधील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हळदीच्या तेलात पाच टक्के व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्य) मिसळल्यावर तीन जातींच्या डासांपासून पिंजऱ्यातील चाचणीत आठ तासांपर्यंत संरक्षण मिळाले होते. तो प्रयोग त्वचेवर लावण्याच्या तेलाचा होता, कापडाचा नव्हे. पण त्यातून आपल्या उपयोगाची एक गोष्ट कळते. व्हॅनिलिन तेलाचे उडणे मंदावते, आणि कापडातही नेमके तेच साधायचे असते.

पिवळेपणाची भीती बाळगू नये. हळदीचा रंग कर्क्युमिनचा असतो आणि कर्क्युमिन वाफेबरोबर येत नाही, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलाने कापड पिवळे पडत नाही. उलट कोणी हळद पाण्यात उकळून त्यात कापड बुडवत असेल, तर त्याला रंग मिळतो, तोही उन्हात फिका होणारा, आणि तेल मात्र उकळतानाच निघून जाते.

तरीही केवळ डासरोधक कापडाच्या आशेवर स्वतःची तेल काढण्याची भट्टी बसवू नये, असा माझा सल्ला आहे. या कामासाठी कापड उद्योगाला एकसारख्या प्रतीचे तेल लागते, आणि पाला किती सुकलेला आहे, जात कोणती, कापणी कधी झाली यांनुसार तेल बदलते. जवळपास गवती चहा किंवा सिट्रोनेलाचे तेल काढणारा कोणी असेल, तर त्याच्या भट्टीत आपला एक खेप पाला घालून पाहावा आणि निघालेले तेल प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे. तोवर पाला शेतातच आच्छादन म्हणून वापरणे अधिक फायद्याचे आहे.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचे आहे. त्याच्या झबल्यांवर निलगिरीच्या तेलाचे थेंब टाकावेत, असे शेजारच्या काकूंनी सांगितले. चालेल का? (एक आई, सातारा)

कृपया टाकू नका. बाळ झबले तोंडात घालते, आणि निलगिरीचे तेल किंवा कापूर पोटात जाणे तान्ह्या मुलांसाठी धोक्याचे असते. शिवाय नेहमीचे निलगिरीचे तेल ज्या झाडापासून मिळते, ते झाड वेगळे. डासांविरुद्ध ज्याचा गुण चांगला सिद्ध झाला आहे ते द्रव्य लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळते आणि पीएमडी या नावाने ओळखले जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने २००५ पासून त्याची शिफारस केली आहे, पण तीच संस्था तीन वर्षांखालील मुलांना ते लावू नये असेही सांगते. फिनिश दिलेले तयार झबलेही घेऊ नये. कॅप्सूलचे कवच घट्ट करण्यासाठी काही ठिकाणी फॉर्मल्डिहाइड वापरतात, आणि ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द फक्त तेलाला लागू असतो, कवचाला आणि बाइंडरला नव्हे. पाळण्यावर बारीक जाळीची मच्छरदाणी चारही बाजूंनी नीट खोचून लावा आणि झबले पूर्ण बाह्यांचे, सैल, सुती वापरा.

प्रश्न : पदविकेच्या प्रकल्पासाठी मी तुळस आणि सिट्रोनेलाच्या तेलाचे कापड तयार केले आहे. परिणाम मोजण्यासाठी कापड गुंडाळलेला हात डासांच्या पिंजऱ्यात घालू का? (एक विद्यार्थिनी, कराड)

घराच्या आसपास पकडलेल्या डासांच्या पिंजऱ्यात हात मुळीच घालू नये. एडिस जातीचा डास डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे विषाणू बाळगून असू शकतो, आणि ते त्याच्याकडे पाहून कळत नाही. हाताची चाचणी फक्त प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रोगमुक्त डासांवर, नैतिक समितीची परवानगी घेऊन करतात.

तुमच्या प्रकल्पाला दोन कप्प्यांची पेटी पुरेशी आहे. एका कप्प्याच्या भिंतींना आतून कापड लावायचे, मध्ये अरुंद वाट ठेवायची आणि ठरावीक वेळात कापडावर किती वेळा डास बसले आणि किती डास दुसऱ्या कप्प्यात निघून गेले ते मोजायचे. डास मात्र कीटकशास्त्र विभागाकडून घ्यावेत; फक्त माद्या, चार-पाच दिवसांच्या आणि काही तास उपाशी ठेवलेल्या. नर रक्त पीत नाहीत, त्यामुळे त्यांना मोजून आकडा बिघडवू नये.

तुलनेसाठी किती तुकडे घेता, यावर प्रकल्पाचा कस ठरेल. पत्रात तुम्ही साधे कापड आणि फिनिश दिलेले कापड असे दोनच तुकडे लिहिले आहेत. तिसरा तुकडा हवा: त्यावर बाइंडर आणि तेलाशिवायची रिकामी कॅप्सूल असावी. नाहीतर डास बाइंडरच्या वासाने पळाला की तुळशीतील युजेनॉल या द्रव्याने, हे सांगता येणार नाही. हिशेब सोपा आहे. साध्या कापडावर ठरावीक वेळात ४० वेळा डास बसले आणि फिनिश दिलेल्यावर ८ वेळा, तर ४० मधून ८ वजा करून ४० ने भागावे आणि शंभरने गुणावे. उत्तर ८० टक्के येते. मग त्याच कापडाच्या पाच, दहा आणि पंधरा धुण्यांनंतर पुन्हा मोजावे. दहा धुण्यांनंतर फिनिश दिलेल्या कापडावर डास बसण्याचा आकडा ८ वरून २८ वर गेला, तर परिणाम ३० टक्क्यांवर आला असे समजावे, आणि प्रबंधात तेवढ्याच ठळकपणे लिहावे. माझ्या पाहण्यातील अनेक प्रकल्पांत न धुतलेल्या कापडाचा आकडा पहिल्या पानावर असतो आणि धुतलेल्याचा शोधावा लागतो. तुम्ही तसे करू नका. एक सूचना आणखी: फिनिश दिलेला आणि न दिलेला तुकडा एकाच कपाटात ठेवू नका. तेल उडून शेजारच्या कापडावर बसते आणि तुमचा साधा तुकडा साधा राहत नाही.

प्रश्न : आमचे मंडळ पूरग्रस्तांसाठी निधी जमवते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर गावात डासांचा फार त्रास झाला. पुढच्या वेळेसाठी वनस्पतीजन्य डासरोधक चादरी आधीच घेऊन ठेवाव्यात का? (मंडळाचे कार्यकर्ते, पलूस तालुका)

घेऊन ठेवू नका. गोदामात पडून राहिलेल्या चादरीतून तेल कमी होतच असते, आणि दोन वर्षांनी हाती येईल ती बहुधा साधी चादर असेल. त्या पैशांत दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधी मच्छरदाण्या घ्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार अशी मच्छरदाणी वीस प्रमाणित धुण्यांनंतर आणि सुमारे तीन वर्षांच्या वापरानंतरही परिणामकारक राहायला हवी. तिच्यातील पायरेथ्रॉइड हे डास मारणारे कृत्रिम रसायन आहे, वनस्पतीजन्य नाही. मात्र त्याची घडण शेवंतीच्या कुळातील एका फुलातून मिळणाऱ्या पायरेथ्रमवरून घेतलेली आहे, हे वनस्पतींचा आग्रह धरणाऱ्या सभासदांना जरूर सांगावे. आपल्या तालुक्यासाठी कोणती मच्छरदाणी योग्य, हे जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून ठरवावे.

मच्छरदाणी रात्री चावणाऱ्या डासांसाठी उपयोगी आहे. एडिस दिवसा चावतो, आणि पूर ओसरल्यावर तो वाढतो तो नदीच्या पाण्यात नव्हे, तर पाणी भरून ठेवलेल्या पिंपांत, टायरांत आणि करवंट्यांत. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात, म्हणून पिंप नुसते रिकामे न करता आतून घासून काढावे लागते. निधीतून मच्छरदाण्यांबरोबर प्रत्येक घरासाठी पिंपाला घट्ट बांधता येईल असे साधे जाड सुती कापड आणि एक काथ्याचा ब्रश घ्यावा. या कापडाला कोणत्याही फिनिशची गरज नाही. वीण घट्ट असल्याची खात्री करून घेतली म्हणजे पुरे.